जुळ्या जहाजाची मापं

सकाळी दहाला नियोजनाची खोली उघडे आणि साडेदहापर्यंत नियोजकसाहेबांनी कुणाची तरी अक्कल काढलेली असे. भिंतभर एक तक्ता होता. कंपनीची अकरा जहाजं, बारा महिने आणि कोणतं जहाज दुरुस्तीला कोरड्या गोदीत कधी जाणार याच्या रंगीत पट्ट्या. त्या पट्ट्या पुढे सरकवण्यात साहेबांची हयात गेली होती. जहाजांवरचे लोक त्यांना मागून 'तारीखसाहेब' म्हणत. साहेबांच्या ते कानावर होतं, आणि ती त्यांना पदवी वाटायची.

त्यांचं गणित तसं खोटं नव्हतं. मालवाहतुकीचे दर चढलेले असताना जहाज गोदीत उभं करणारा माणूस मूर्ख. दर पडले की गोद्याही ओस पडतात, मग तेच काम निम्म्यात होतं. तोवर थांबायचं. पत्रा तेवढा टिकायला हवा, पण पत्र्याच्या नावाने गळा काढायला इंजिनिअर नावाची रडकी जमात होतीच.

त्या जमातीतला सगळ्यात रडका त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कंपनीच्या सगळ्यात जुन्या जहाजावर तो चीफ इंजिनिअर होता.

"दादा, चार नंबरची टाकी पाच वर्षांत कुणी उघडलेली नाही," तो फोनवर म्हणाला. "पत्र्याची जाडी मोजल्याशिवाय मुदतवाढ मागू नका. एकवीस माणसं आहोत आम्ही इथे."

"भाऊजी, टाकी रिकामी करून मोजायची म्हणजे जहाज दोन दिवस उभं. या बाजारात दोन दिवस म्हणजे काय, कळतं का तुम्हाला? तुम्ही पाना फिरवा. नियोजन आमच्यावर सोडा."

फोन ठेवून ते कारकुनाकडे पाहून हसले. कारकूनही हसला. त्याला नोकरी टिकवायची होती.

जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे मुदतवाढीचा अर्ज करताना पत्र्याची मापं मात्र जोडावीच लागत. साहेबांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. याच नकाशावरून बांधलेलं एक जुळं जहाज पूर्वी कंपनीकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी ते वादळात बुडालं, बावीसच्या बावीस माणसांसकट. बुडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्याच्या टाक्या मोजल्या होत्या आणि मापं उत्तम होती. एका जुळ्याची मापं दुसऱ्याला लावली तर बिघडलं कुठे? साहेबांनी तीनशे आकडे जसेच्या तसे उतरवले. सहा महिने मिळाले. त्यांनी पट्टी सरकवली आणि जेवायला गेले.

चौथ्या दिवशी जहाजाकडून रोजचा दुपारचा संदेश आला. त्यात माणसं बावीस लिहिली होती.

"माणसंसुद्धा मोजता येत नाहीत गाढवांना," साहेब म्हणाले, आणि चूक सुधारा म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशीही बावीस. तिसऱ्या दिवशी खाली कॅप्टनची एक ओळ होती. दोनदा मोजली, बावीसच आहेत. कार्यालयाच्या यादीत एकवीस नावं होती.

त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, आणि साहेबांना तेच खटकलं.

"दादा, मीच उतरलो चार नंबरमध्ये. मोजली टाकी. पहिला पत्रा तेरा पूर्णांक दोन मिलिमीटर, दुसरा तेरा पूर्णांक चार, तिसरा बारा पूर्णांक नऊ..."

साहेबांसमोर फाईल उघडी होती. ते बोटाने आकडे लावत गेले. एकही चुकला नाही.

"ठणठणीत आहे टाकी. पण आत बांधणीचा क्रमांक कोरलेला असतो ना, तो आपल्या जहाजाचा नाही." त्याने क्रमांक वाचून दाखवला. तोच फाईलच्या मुखपृष्ठावर होता.

"गंजात नीट दिसला नसेल," साहेब म्हणाले.

"गंज नाहीये, दादा. जेवायला बसलो की सगळे ओळखीचेच असतात. जास्तीचा कोण, ते सापडत नाही."

साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या जिवाची भीती वाटली. डोळ्यांपुढे बहीण आली. त्यांनी पट्टी मागे ओढली, ऐन तेजीत, आणि मिळेल त्या गोदीत मिळेल त्या दराने जागा घेतली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भूतबीत पाहिलंत की काय?" कारकून या वेळी मनापासून हसला.

जहाज आलं. भर दुपारी गोदीतलं पाणी उपसलं. तपासनीस हातोडी घेऊन खाली फिरला आणि वर येऊन म्हणाला, "उगाच आणलंत. पत्रा नवा वाटतोय."

शिडीवरून माणसं उतरली. साहेबांनी बोटांवर मोजली.

बावीस.

मेहुणा सर्वांत शेवटी आला. "दादा," म्हणून हसला. साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी स्वतः त्याला गाडीत बसवून घरी धाडलं.

दोन दिवसांत साहेब पुन्हा पहिल्यासारखे झाले. इंजिनिअर म्हणजे बायकांपेक्षा भित्रे, असं ते कारकुनाला ऐकवत होते, तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, यांना बरं नाहीये का रे?"

"का? काय झालं?"

"शर्ट शिवायला मी यांचं माप घेत होते. बाही दोन इंच लांब भरतेय. गळा वेगळा, खांदे वेगळे. वीस वर्षं मीच शिवतेय यांचे कपडे."

"अगं, समुद्रावर माणूस सुटतो."

"हात सुटतात?"

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माप मी अकराला घेतलं," ती हळू आवाजात म्हणाली. "हात पसरा, म्हटलं होतं."

"मग?"

"चार वाजलेत, दादा. अजून खाली घेतले नाहीत."