दुसरी मंजुरी

त्या दुपारी मला एवढंच करायचं होतं: प्रोग्रॅममध्ये मी केलेला एक बदल मूळ प्रतीत चढवायचा आणि इस्पितळ गाठायचं. बहिणीची सातव्या महिन्यात झालेली पोर तिथे काचेच्या पेटीत होती, आणि तिला थेंबाथेंबाने औषध देणारा पंप आमच्याच कंपनीचा. पाच वाजता त्या पंपांमध्ये नवा प्रोग्रॅम जाणार होता.

हा प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या सामायिक कोठारात असतो. बदल कुणीही करावा. पण दोघांनी वाचून मंजूर केल्याशिवाय तो मूळ प्रतीत जात नाही. नियम आमच्यातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरचा, चुआंगदादांचा. दादा जूनमध्ये गेले, टेबलाशी बसल्या बसल्याच. मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतलं त्यांचं नाव काढायचा धीर कुणाला झाला नव्हता.

आमच्या वरिष्ठ कुओबाईंनी पहिली मंजुरी दिली आणि त्या उठल्या. मेलेले परत येतात असं मानतात तो भुतांचा महिना; तैपेईतली ऑफिसं दारात नैवेद्य मांडून बसलेली.

"अगं रुओयून, चल की खाली! या महिन्यात एकटीने वर बसू नये."

"आलेच बाई. पण दुसरी मंजुरी?"

"पूजा झाली की देईल कुणीतरी. कुठे घोडं अडलंय?"

माझं अडलं होतं ना!

साडेतीन वाजले. मजला रिकामा. खिडकीतून उदबत्त्यांचा धूर आत येत होता. दादांचा कॉम्प्युटर चालूच होता. त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून दादा ताजं पाकीट ठेवत. याची मुदत कधीच संपलेली. मी ते बाजूला सारलं आणि दादांच्या नावाने स्वतःच मंजुरी दिली. हो, दिली. सांगायची लाज वाटते.

जागेवर येऊन बघते, तर मंजुरी गायब. तिथे एक शेरा.

"मी हे वाचलेलं नाही."

मी वळून पाहिलं. दादांची खुर्ची रिकामीच होती... पण माझ्याकडे वळलेली.

दुसरा शेरा उमटला. "तान्ह्याचं वजन?"

मी बदल पुन्हा वाचला. अरे देवा! दोन किलोच्या आतल्या बाळांचं वजन मी भलत्याच रकान्यातून घेतलं होतं. औषध दसपट गेलं असतं! रडत रडत दुरुस्ती केली. लगेच हिरवी खूण आली. मंजूर: चुआंग. मी त्या खुर्चीला हात जोडले आणि पळाले.

सहाला इस्पितळात पोर शांत झोपली होती. मी मोबाईलवर सहज नोंदी उघडल्या. पाचला दोन मिनिटं कमी असताना आणखी एक बदल चढला होता. करणारा: चुआंग. मंजुरी: कुओबाई आणि मी.

मी? मी तर तेव्हा मेट्रोत उभी होते!

बदल एका ओळीचा. नुसता एक आकडा. ओळखीचा वाटला म्हणून मान वर केली. पोरीच्या पंपावर औषधाच्या मात्रेपुढे तोच आकडा होता.

नर्सला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या ओळीखाली शेरा आला.

"हे तूही वाचलेलं नाहीस."