चरबीच्या हौदाचा कंप

यंत्रांचा कंप मोजणं हा माझा धंदा. त्या दुपारी साबणाच्या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा वाटलं, एखादा पंप हलत असेल. बघू आणि जेवायला घरी परत.

चरबी वितळवायच्या खोलीत पाऊल टाकलं आणि जेवणावरची वासनाच उडाली. तिथला वास नाकात शिरत नव्हता, थेट जिभेवर बसत होता. आंबूस, बुळबुळीत. हौदातल्या अर्धवट थिजलेल्या चरबीवर पिवळट साय धरली होती, सायीत केस अडकले होते. आणि ती साय हलत होती.

"पंप कालपासून बंद आहेत," मुकादम हळूच म्हणाला.

हौद आत उतरून साफ करायचा होता. साफसफाईवाल्याला सगळे पैलवान म्हणत. माझ्या होकाराशिवाय मुकादम त्याला उतरू देत नव्हता.

मी हौदाच्या भिंतीला मीटर लावला. मुकादमाला समजावलं, की कंप किती वेळा होतो हे वेगळं आणि मूळ जागेपासून किती लांब जातो हे वेगळं. ते अंतर म्हणजे आयाम. झोका ढकलायचं थांबवलं की त्याचा आयाम कमी कमी होत जातो. इथे तर ढकलणारं कुणीच नव्हतं, आणि आकडा चढत होता.

मी उतरू नका म्हटलं. पैलवान हसला. इतकी वर्षं उतरतोय, म्हणाला, आणि बोलता बोलता एक पाय आत सोडलासुद्धा.

आकडा शून्यावर आला.

साय त्याच्या पोटरीभोवती आवळली. चोखल्यासारखा ओला आवाज झाला. आम्ही दोघांनी त्याला काखेत धरून ओढलं, बूट आतच राहिला. पोटरी पांढरीफटक पडली होती, आणि कातडीखालून लाटा वर सरकत होत्या... घोट्याकडून गुडघ्याकडे, प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा उंच.

पैलवान मात्र म्हणत होता, "दुखत नाही हो... गुदगुल्या होतात."

आठवड्याने मी चौकशीला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. पाय बरा आहे म्हणाली, डॉक्टरांनाही काही सापडलं नव्हतं.

"बरं झालं, वहिनी."

"हो... आता ते पोटात गेलंय. कान लावला की ऐकू येतं." मग ती कुजबुजली, "भाऊजी, फोन ठेवू नका. काहीही बोला... घरात शांत झालं की ते मोठं होत जातं."