हिरवा ठिपका

सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक झाली आणि धाकटीने आरशाकडे पाहिलं. तीन वळणांपासून हाच हेल्मेटवाला तिच्यामागे होता. तिने आधी दारं लॉक केली, मग काच बोटभर खाली घेतली.

"काय हवंय?"

"मला काही नको. तुमची गाडी तिरकी चालतेय, तेवढं सांगायला आलो. मागची चाकं पुढच्यांच्या मागे जातच नाहीत."

"ओळख काढायची ही नवी तऱ्हा वाटतं?"

"ओळख काढायची असती तर गाडीचं कौतुक केलं असतं," तो म्हणाला आणि त्याने हेल्मेट काढलं. कानाशी ग्रीसचा डाग होता, डोळे मात्र कमालीचे काळजीत. "हिला मार बसलाय. पुढच्या चौकात माझं गॅरेज आहे. नाही आलात तरी चालेल, पण कोणाला तरी दाखवा."

एरवी धाकटीने सरळ ॲक्सिलेटर दाबला असता. पण ही गाडी तिने हौसेने घेतलीच नव्हती. ताईला आठवा महिना होता. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी होती, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्त जायला लागलं की तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात पोचायचं. हॉस्पिटल होतं घाटाखाली. भावजी बोटीवर, समुद्रात. म्हणून आठवड्यापूर्वी धाकटीने ही जुनी गाडी घेतली होती. विकणारे काका अगदी साखरेत घोळून बोलले होते, 'एकहाती गाडी, साधा ओरखडा नाही!'

ती मुकाट्याने गॅरेजमध्ये गेली.

मेकॅनिकने गाडीला हात लावायच्या आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "काका खोटं बोलले," तो म्हणाला. "काचांच्या कोपऱ्यात साल छापलेलं असतं. बाकीच्या काचा गाडीच्याच वयाच्या, आणि पुढची तीन वर्षांनी लहान. सीटबेल्टची पट्टीही तशीच. सर्व्हिसचं पुस्तक दाखवा बघू."

तिने दिलं. तिसऱ्या वर्षानंतर सगळी पानं कोरी होती.

"मी रक्त तपासते लॅबमध्ये," ती म्हणाली. "पेशंट म्हणतो, गोड खात नाही हो... आणि रिपोर्ट हसत असतो."

"मग आपलं जमेल," तो पटकन बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... कामाचं म्हणतोय मी."

धाकटीला हसू आलं, भीतीच्या पोटातही आलं. त्याने मग चावी फिरवून पाहिली. "एअरबॅगचा दिवा क्षणभर लागायला हवा. लागत नाही... थांबा, खाली बघतो." गाडी वर चढवून तो टॉर्च घेऊन खाली शिरला.

टॉर्चचा उजेड मागच्या चाकापाशी जाऊन तिथेच थांबला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गाडी इथेच राहू दे. परवा या," एवढंच म्हणाला.

"पण झालंय काय?"

"परवा सांगतो."

"आणि तोवर ताईला काही झालं तर?"

"गॅरेजची गाडी आहे. कधीही फोन करा, मी घेऊन येतो."

ते दोन दिवस धाकटीने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. लॅबमध्ये फोन वाजला की हातातली नळी खाली ठेवून ती आधी ताईचा नाही ना ते बघायची. पण खरी भीती निराळीच होती, आणि ती तिने ताईलाही सांगितली नाही. त्या माणसाने काहीतरी लपवलं होतं. आणि तिला तो आवडायला लागला होता. माणूस दोन दिवसांत आवडतो का हो? आवडतो. त्याला काय करायचं?

परवा ती गेली तेव्हा तो कपडा हातात घेऊन उभाच होता. त्याने तिला गाडीखाली नेलं. मागच्या चाकाजवळच्या बोल्टवर हिरव्या रंगाचा ठिपका होता.

"आमच्याकडे ज्याने बोल्ट आवळला त्याने आपला रंग लावायचा, अशी पद्धत आहे. हिरवा माझा." त्याने टॉर्च ठिपक्यावर धरला. "दोन वर्षांपूर्वी ही गाडी मीच दुरुस्त केली. तेव्हा लाल होती, रंग बदलला म्हणून ओळखली नाही. तेव्हाच्या मालकाला घाई होती, म्हणून चाकं सरळ रेषेत आहेत का, ते शेवटचं माप घेतलं नाही. एअरबॅग फुटलेल्या होत्या. दुसरीकडे बसवून घेतो म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला. त्याने नुसती झाकणं बसवली. आत काहीच नाही."

धाकटीच्या डोळ्यांपुढे घाट आला. बाजूच्या सीटवर पोट धरून बसलेली ताई आली.

"आठवडाभर तिला यातून फिरवतेय मी!" ती ओरडली. "पुसून टाकायचा होतात ठिपका. मला कळलंही नसतं."

"कपडा तेवढ्यासाठीच घेतला होता," तो हळूच म्हणाला. "पुसवेना. रोज यात तुम्ही बसणार... आता शिव्या द्या, हवं तर दुसऱ्या गॅरेजात न्या, मी स्वतः पोचवतो."

तिने शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. आणि मग त्याच्या मोजायच्या टेपचं दुसरं टोक हातात घेतलं.

"माप माझ्यासमोर होईल. प्रत्येक."

पुढचे सहा दिवस लॅब सुटली की ती गॅरेजमध्ये. तो गाडीखालून आकडा सांगायचा, ती वहीत लिहायची आणि पुन्हा मोजायला लावायची. नव्या एअरबॅगांची खोकी तिने स्वतः फोडली. एकदा टेप पकडताना बोटाला बोट लागलं, तेव्हा दोघांचाही आकडा चुकला. तिसऱ्यांदा मोजावं लागलं.

सातव्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. "ये गं लवकर... रक्त सुरू झालंय."

गाडी तयार होती. मेकॅनिक मागे बसला, आणि चार मिनिटांत गाडी ताईच्या दारात उभी राहिली. त्याने ताईला आधार देत खाली आणलं, पण गाडीच्या दाराशी ताई थबकली. धाकटीने तिला गाडीची सगळी कथा सांगितली होती.

"खरं सांगा," पांढऱ्या ओठांनी ताई म्हणाली. "तुमचं स्वतःचं माणूस बसवलं असतंत यात?"

त्याने दार उघडं धरलं होतं. नजर मात्र आत, पलीकडच्या सीटवर, स्टिअरिंगमागे.

"ताई, माझं माणूस चालवायला बसलंय."

धाकटीने स्टिअरिंग घट्ट धरलं. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सीटवर बसून बेल्ट ओढला.

"तुम्ही काय उभे राहिलात?" धाकटी त्याला म्हणाली. आवाज कापत होता, तरी तिने तो कापू दिला. "मागे बसा, ताईच्या खांद्यावर हात ठेवा. मला घाटात भीती वाटेल... बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"आत्ता म्हणालात ना, तेच."