वाटून घेतलेली कळ

“मान वाकव जरा, केस मधे येतायत.”

गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या मैदानात बाया एकमेकींच्या मानेवर पट्ट्या चिकटवत होत्या, हळदीकुंकवाला एकमेकींच्या केसांत गजरा माळावा इतक्या सहज. पुरुष आपले ओळीनं उभे राहून पुढच्याच्या मानेवर पट्टी थापटत होते. समुद्रावर माघातलं धुकं होतं आणि मैदानात जिकडे पाहावं तिकडे सायकलींची हँडलं. ‘सागर ते संगम’ सायकलफेरी निघायची होती. गुहागरच्या लाटेत चाक भिजवायचं, चिपळूण गाठायचं, कुंभार्ली घाट चढायचा आणि कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमात तेच चाक पुन्हा भिजवायचं.

वैजयंतीनं आपल्या थोरल्या भावाच्या, हरिहरदादाच्या, मानेवर पट्टी दाबून बसवली आणि वरून अंगठा फिरवला.

“लागली?”

“लागली म्हणजे काय! कुणाची तरी झोप आलीसुद्धा माझ्याकडे,” दादानं मोठी जांभई दिली.

वैजयंती हसली, पण मनातून ती हसली नाही. दादाच्या हृदयाच्या धमनीत दोन वर्षांपूर्वी जाळी बसवलेली. डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण बेतानं. वहिनी एवढंच म्हणाली होती, “वैजू, नेतेयस तसे आणून दे.” चिपळूणच्या तिच्या कापडदुकानात येणारं गिऱ्हाईकसुद्धा सांगायचं, या वयात घाट कशाला? पण हट्ट तिचाच होता, आणि हट्टाला आधार होता या पट्टीचा.

पट्टीचं खरं नाव समश्रम-पट्टी. लोक तिला ‘सोबत’ म्हणत. माणूस दमतो तो आधी मेंदूत दमतो. पायांकडून, फुप्फुसांकडून निरोप येत राहतात आणि त्यांवरून मेंदू ठरवतो, आता पुरे. सोबत ते निरोप मानेतच टिपायची आणि हाकेच्या टप्प्यात असलेल्या तीन-चारशे स्वारांच्या निरोपांत मिसळून टाकायची. मग प्रत्येकाच्या मेंदूला पोचायचा तो सगळ्यांचा मिळून सरासरी थकवा. तगड्या गड्याला थोडा जास्त, दुबळ्याला थोडा कमी. जे एकट्यानं चिपळूणच्या पुढे गेले नसते, ते घाट चढून जायला लागले होते.

दादाला तर ही पट्टी म्हणजे देवाचीच करणी वाटायची. तो चिपळुणातल्या रामाच्या देवळात कीर्तनाला झीलकरी. बुवांनी पद म्हणायचं, यानं मागून उचलून धरायचं. “बुवा सांगतात, दुसऱ्याचं ओझं घ्यावं,” तो म्हणायचा, “पण घ्यायचं कसं ते आत्ता कळलं बघ!”

फेरीच्या पहिल्या वर्षी मात्र या पट्टीनं भांडणं लावली होती. कोण देतोय आणि कोण घेतोय हे प्रत्येकाच्या फोनवर दिसायचं. सासऱ्यानं जावयाला ‘फुकट्या’ म्हटलं, दोन मंडळांत हाणामारी झाली, एक बाई भर रस्त्यात रडत परत गेली. तेव्हा समितीनं एकमतानं ठरवलं, नावंच पुसून टाका. कुणाचा थकवा कुणाकडे गेला हे माणसाला तर सोडाच, यंत्रालाही कळता कामा नये. या ठरावाला सगळ्यांत जोरात टाळी दादानंच दिली होती.

ऊन वर येईतो पोफळी मागे पडली आणि घाट लागला.

वैजयंती दादाच्या मागच्या चाकाला धरून चढत होती. दोन वळणं झाली असतील. डाव्या छातीखाली तिला बारीकशी कळ आली. टाचणी टोचून राहावी तशी. ती थांबेना, वाढेना.

“मुरली, तुला काही होतंय का रे छातीत?” तिनं शेजारच्याला विचारलं. मुरली साबळे त्यांच्याच मंडळातला, बडबड्या.

“होतंय ना! सांगितलं होतं शिरगावात मिसळ खाऊ नका. कटात नुसतं तिखट ओतलं होतं मेल्यानं.”

“मी मिसळ खाल्ली नाही.”

“मग गार वारा बाधला असेल, ताई. ढेकर द्या, बरं वाटेल.”

पुढचा एक जण छाती चोळत होता. त्याच्या पुढची मुलगी हात खांद्यामागे नेऊन पाठ दाबत होती. कुणी म्हणत होतं गॅस, कुणी म्हणत होतं पित्त. मनगटावरची घड्याळं सगळ्यांचीच केकाटत होती. घाटात ती केकाटतातच, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

वैजयंतीनं पुढे चढणाऱ्या दादाच्या पाठीकडे पाहिलं. थकव्याच्या वाटेनं कळही वाहून येत असेल तर? आणि ही कळ एकाच छातीतली असेल तर?

“दादा, उतर! उतर आधी!”

तिनं सायकल आडवी टाकली, दादाला कठड्यावर बसवलं आणि त्याच्या मानेवरची पट्टी ओरबाडून काढली.

“आता सांग. छातीत काय होतंय?”

दादा घटकाभर डोळे मिटून बसला. “काही नाही गं. मघाशी टोचत होतं, तेही गेलं. पाय मात्र माझे मला परत मिळाले, शिसं ओतल्यासारखे.”

तिनं सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत टाचणी पुन्हा टोचली, तिच्या स्वतःच्या छातीत. दादाची नव्हती. कुणाची तरी होती. आणि त्या कुणाला तरी वाटत असणार, मिसळ बाधली.

“पट्ट्या काढा! थांबा आणि पट्ट्या काढा सगळ्यांनी!” ती ओरडली.

“मधल्या घाटात? वेड लागलंय का, बाई?” कुणीतरी म्हणालं.

जांभळ्या शिरस्त्राणातली एक मावशी तर कळवळून म्हणाली, “अगो, मी काढली तर माझ्या वाट्याचं दुसऱ्याच्या अंगावर पडेल ना! पाप कशाला माझ्या माथी?”

मावशी खोटं बोलत नव्हती. वैजयंतीनं दादाकडे पाहिलं. तोही घुटमळला होता. “वैजू, धरलेलं मधेच सोडायचं म्हणजे...” म्हणता म्हणता तो थबकला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“एकदा शिमग्यात बुवांचा आवाज बसला होता,” तो हळू बोलला. “आम्ही मागून इतकी जोरात झील धरली की बुवांचा आवाज नाही हे लोकांना कळलं नाही. खुद्द बुवांनाही कळलं नाही. ते तसेच ताणत राहिले. महिनाभर गळा गेला त्यांचा.” तो उठून उभा राहिला. “आपण गप्प झाल्याशिवाय कुणाचं काय फाटलंय ते कळायचं नाही.”

मग देवळाचा सभामंडप भरून टाकणारा तो आवाज घाटात घुमला. “थांबाऽऽ! पट्ट्या काढाऽऽ! कुणीतरी मरतंय!”

मावशीनं पहिल्यांदा पट्टी काढली. मग मुरलीनं. खड्डा आला की हाक पुढे-मागे पोचवायची स्वारांची सवय होतीच, तशी ही हाक दोन्हीकडे गेली. सायकली कठड्याला टेकल्या. काही जण तर पट्टी काढताच मांडी घालून रस्त्यातच बसले.

वैजयंतीनं आपली पट्टी अजून काढली नव्हती. हाक किती पोचली हे तिला छातीतच कळत होतं. टाचणीचा खिळा झाला. खिळ्याचा धोंडा झाला. डावा हात बधिरला, जबडा आवळला, कपाळावर गार घाम फुटला. बोटं कशीबशी मानेपर्यंत नेऊन तिनं पट्टी उपटली आणि एकदम सगळं निवळलं. पोपटांचा कलकलाट ऐकू आला.

सगळे मागे वळून पाहत होते, जिथे म्हातारे होते, जाडजूड होते. किंकाळी आली ती पुढून, वरच्या वळणावरून.

संग्राम त्याचं नाव. कऱ्हाडचा, सव्वीस-सत्तावीसचा, सकाळपासून सगळ्यांच्या पुढे राहून वारा कापणारा. वैजयंती, दादा आणि बाकीचे चढून वर गेले तेव्हा तो रस्त्यावर पडून माशासारखा तडफडत होता. मोटारसायकलवरून फिरणाऱ्या डॉक्टर फरीदा परकार पोचल्या होत्या. गोळी जिभेखाली गेली, सुई टोचून झाली. रुग्णवाहिका खाली पोफळीच्या अंगाला, सायकलींच्या गर्दीत अडकलेली.

“औषध लागू पडायला वेळ आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तोवर वेदनेनं आणि भीतीनं याचं हृदय पळतंय. असंच पळालं तर हातात राहायचं नाही.”

संग्राम कण्हत होता, “घ्या ना... थोडं घ्या ना कुणीतरी...”

दादानं विचारलं, “डॉक्टरीणबाई, दुखणं कुणाचं ते आता कळलंय. आता वाटून घेतलं तर?”

डॉक्टरांनी संग्रामच्या मानेकडे पाहिलं. “आता चालेल. त्याची पट्टी आहेच मानेवर. घेणाऱ्याच्या हृदयाला इजा नाही, नुसती जाणीव येते. पण त्या कळेनंही नाडी पळते, म्हणून धडधाकट माणसानं घ्यावी.”

भोवती दीड-दोनशे माणसं होती. प्रत्येकाच्या हातात पट्टी होती. मघाशी न कळता यांतल्या प्रत्येकानं त्या पोराची कळ वाहिली होती आणि मिसळीला शिव्या घातल्या होत्या. आता कळत होतं, तर कुणी हलेना.

“पहिला लावेल त्याला निम्मी येणार,” मुरली पुटपुटला. या वेळी तो हसला नाही. “शंभरावा लावेल त्याचं ठीक आहे.”

“सगळ्यांनी एकदमच लावू या,” मागून कुणीतरी म्हणालं. माना हलल्या. हात हलले नाहीत.

दादा पुढे सरकला. “आण गं माझी पट्टी.”

“तू नाही. तुझ्या जाळीचं काय?”

“मग कोण?” त्यानं आजूबाजूला हात फिरवला. “सांग ना. कोण?”

तिला वहिनीचा चेहरा दिसला. दादाची पट्टी तिनं डाव्या मुठीत गच्च आवळली आणि उजव्या हातानं स्वतःची पट्टी मानेवर दाबली.

धोंडा परत आला. मघापेक्षा मोठा, कडा तासलेला. ती गुडघ्यांवर आली. पलीकडे संग्रामचं कण्हणं खाली उतरलं, त्याला श्वास घेता येऊ लागला. डॉक्टर ओरडल्या, “उतरतेय नाडी! आणखी कुणी या, एकट्या बाईला झेपायचं नाही!”

वैजयंती डोळे मिटून वाट पाहत राहिली. दुसरा कुणी आला की कळ तिसऱ्या हिश्श्यावर येईल, त्याच्यामागून एखादा आला की आणखी उतरेल. भोवतीचे श्वास तिला ऐकू येत होते, खूप श्वास, अगदी जवळ. धोंडा तिळभर हलला नव्हता. आणि तिच्या डाव्या मुठीवर दादाचा हात आला होता. “सोड, वैजू. सोड, बाळा,” म्हणत तो तिची बोटं एकेक करून उघडत होता, आणि तिच्या हातातला जोर सरत चालला होता.

ती मूठ उघडायच्या आत त्या गर्दीतलं कुणी एक पुढे येईल का?