चौथं शिंग

"चोराने क्वार्क नेले आणि ग्लुऑन टाकून गेला," आदिनाथ म्हणाला.

मालनबाईंच्या ओट्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या तेवढ्या पडल्या होत्या. लाल, हिरवा आणि निळा, असे लोकरीचे तीन गोंडे गायब होते.

"चेष्टा पुरे," सृष्टी वैतागली. "तासाभरात वर्गाचे प्रयोग बघायला पाहुणे येतील. राजेश्वरी दाखवणार काय?"

राजेश्वरी ओट्याखाली वाकून गोंडे शोधत होती. ती पाथर्डीकडून ऊसतोडीला देवळाली प्रवऱ्यात आलेल्या टोळीतली. दिवाळीच्या सुट्टीत मालनबाईंच्या विज्ञानवर्गात तिघांनी प्रोटॉनचा नमुना बनवला होता: गोंडे म्हणजे क्वार्क, ट्यूबच्या पट्ट्या म्हणजे ग्लुऑन. तो समजावून सांगायला बाईंनी तिलाच निवडलं होतं, आणि उद्या टोळी दुसऱ्या गावी हलणार होती.

एवढ्यात रस्त्यावर घुंगरं वाजली.

"ते बघा," आदिनाथ कुजबुजला. "बैल दोन, शिंगं चार, गोंडे तीन. एक शिंग रिकामं ठेवून कुणी बैल सजवतं का?"

तिघं धावले. गाडीवर राजेश्वरीचे वडील होते, गहिनीनाथ. सृष्टीने तोंड उघडलं, तसा राजेश्वरीने तिचा हात दाबला.

"आबा, गोंडे कुठं घावले?"

"बाईंच्या ओट्यावर. म्हटलं, पोरांनी खेळून टाकल्यात. चौथा लई हुडकला."

"पन आज तोड न्हाई. बैल कशाला सजवले?"

"तू बोलनार न्हवं समद्यांम्होरं? मग गाडी साधी कशी आनायची?"

राजेश्वरीने शिंगावरच्या गोंड्यावरून हात फिरवला.

"काका, चौथा मिळणारच नव्हता," आदिनाथ म्हणाला. "प्रोटॉनात क्वार्क तीनच."

"म्हंजी?"

"सांगते. आधी गोंडे सोडा," राजेश्वरी हसली.

पाहुण्यांसमोर तिने गोंडे पुन्हा ट्यूबने जोडले. "लाल आन् निळा अप क्वार्क, हिरवा डाऊन. तिघं मिळून प्रोटॉन. ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात. क्वार्क एकटा सुटा कधीच सापडत नाही." तिने गोंडा ताणला. सोडताच तो परत दोघांना जाऊन भिडला.

"दोन डाऊन, एक अप घेतला तर?" एका पाहुण्यांनी अडवलं.

"न्यूट्रॉन."

टाळ्या थांबल्यावर मालनबाई म्हणाल्या, "एवढं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. आणि चोर शोधणारे हे दोघंही हुशार."

गहिनीनाथ मागच्या रांगेत मान खाली घालून हसले.

सकाळी टोळी निघाली. सृष्टी-आदिनाथने चौथ्या शिंगासाठी पिवळा गोंडा करून आणला होता. मालनबाईंनी आपले तिन्ही गोंडे सोडून राजेश्वरीच्या हातात दिले.

"बाई, लई उपकार झाले तुमचे," गहिनीनाथांनी हात जोडले. "पन तुमचा प्रोटॉन मोडला की."

"ट्यूब माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "राजेश्वरी, पुढच्या दिवाळीला क्वार्क घेऊन ये."