नसलेली ओल

कुलूप काही केल्या उघडेना. लोकांना घरं दाखवणारी बाई, आणि दारातच अडकली. जे गिऱ्हाईक यायचं होतं ते फिरकलंच नव्हतं, फोनही उचलेना, आणि वर हे कुलूप. किल्लीला दोन शिव्या हासडणार एवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, "जोर लावलात तर आत मोडेल. द्या इकडे."

पायरीखाली एक माणूस उभा होता. कानावर पेन्सिल, बोटांच्या कडांना वाळलेली खळ. त्यानं पेन्सिल काढली, किल्लीच्या दात्यांवर घासली, हलकेच फिरवली... कुलूप उघडलं.

"चोरबीर आहात की काय?"

"बाइंडर. पुस्तकं बांधतो." तो दारातून आत बघत राहिला. "हे घर विकायचंय?"

"का? घ्यायचंय?"

"मला—" तो घुटमळला. "किती बिऱ्हाडं आहेत?"

त्या घरात दोनच होती. त्याला चार हवी होती. एकात स्वतः राहायचं, तीन भाड्यानं द्यायची. हात थकले की त्यावर म्हातारपण निघेल. त्यानं जन्मात घर घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याची मागणी ऐकून हसावं की रडावं तिला कळेना. सगळी दुनिया म्हणते, भिंती जाड हव्यात, शेजारचा खोकला कानावर नको. हा म्हणाला, "वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू यायला हवीत."

"ते कशाला?"

"आई गेल्यापासून घरात आवाज असा... नाहीच."

तिची जीभ तशी सुरीसारखी. पण त्या दिवशी तिनं मुकाट त्याची मागणी टिपून घेतली. तिच्या खोलीत तरी संध्याकाळी कसला आवाज व्हायचा? ताटलीत किल्ल्या टाकल्याचा. बस्स. दिवसभर लोकांना सांगायचं, इथे पाळणा बसेल, इथे सासूबाईंचा पलंग. आणि रात्री स्वतःच्या ताटापुढे बसून भिंत बघत चार घास गिळायचे. घराची किल्ली हातात पडली की माणसं तिला विसरायची. गरज सरो नि वैद्य मरो, धंदाच तसा.

मग रविवार सुरू झाले.

"घर बघायला पाणी यायच्या वेळी जावं," ती शिकवायची. "मालक गोड बोलतो, त्याचं ऐकू नये. भाडेकरणीला विचारावं. आणि मीटर चार वेगळी आहेत ना, ते आधी बघावं."

तो स्वतः बांधलेल्या वहीत लिहून घ्यायचा.

"लिहिता काय? शाळा आहे का ही?"

"बाई कडक आहेत. नापास केलं म्हणजे?"

ती हसू दाबायची आणि एक पायरी पुढे चढायची, म्हणजे तोंड दिसायला नको.

पहिलं घर पडायला आलेलं. दुसऱ्यातले भाडेकरू एकमेकांच्या उरावर बसलेले. तिसरं मात्र... वळणावरचं, भरपूर उजेडाचं. चारही मीटर वेगळी, नळाला धार, वरचं एक बिऱ्हाड रिकामं, आणि वरची जमीन लाकडी फळ्यांची. मालक वर चालत गेला तसा खाली उभा राहून हा कान देऊन ऐकत होता. चेहरा असा उजळला की तिला कळून चुकलं. घेतोय हा. मग पुढच्या रविवारी काय?

तिनं मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावला. "इथे ओल आहे."

त्यानं तळवा भिंतीवर टेकवला. तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"असेल," म्हणाला.

चौथ्या घरालाही ओल निघाली. पाचव्याला वाळवी.

"दोन महिने एकच गिऱ्हाईक?" थोरली बहीण फोनवर म्हणाली. "घर शोधतेस की त्याला कोंडून ठेवलंयस?"

"ताई, तू आपलं बघ."

"मी आपलं वेळेवर बघितलं, म्हणून आज मांडीवर नातवंड आहे."

शुक्रवारी तिसऱ्या घराच्या मालकाचा निरोप आला. सोमवारी दुसरं माणूस इसार घेऊन येतंय. तुमच्या बाइंडरला हवं असेल तर आधी सांगा. ती हातात किल्ल्या घेऊन बसून राहिली. तोंड मिटलं तर रविवार शाबूत. पण ज्या माणसानं आयुष्यात फक्त पावलांचा आवाज मागितला, त्याचं घर बुडवून स्वतःचा रविवार राखायचा? एवढी काही ती खाली उतरली नव्हती.

शनिवारी सकाळीच ती त्याच्या दुकानात गेली. तो दोरा दातात धरून पानं शिवत होता.

"तिसऱ्या घरात ओल नव्हती. मी खोटं बोलले. चौथ्यातही नव्हती, आणि वाळवीही नव्हती. सोमवारी ते घर जाईल. आज चला."

त्यानं दोरा तोडला. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ओल नव्हती ते. अहो, वीस वर्षं कागद सांभाळतोय. ओल मला नाकानं कळते."

तिचे कान तापले. माशाला पोहायला शिकवायला गेली होती बाई. "मग तिथंच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर घर मिळालं असतं." तो सुईकडे बघत होता. "आणि रविवार गेला असता."

तिनं खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "चप्पल घाला. घर जाईल हातचं."

दुपारी इसार दिला. मालक निघून गेला. तो खालच्या खोलीत मधोमध उभा राहिला.

"एकदा वर जाऊन येता? मला ऐकायचंय."

ती वर गेली. लोकांच्या घरात ती नेहमी मांजरीच्या पावलानं वावरायची, खूण म्हणून मागे राहू नये. आज ती टाच टेकवून चालली. दारापासून खिडकीपर्यंत... फळ्या बोलू लागल्या.

"येतंय का ऐकू?"

"येतंय." खालचा आवाज जरा अडखळला. "हे वरचं बिऱ्हाड... भाड्यानं द्यायचं नाही म्हणतो मी."

ती खिडकीशी थबकली. "मग रिकामं ठेवणार?"

"नाही. तुम्ही थांबू नका ना... चालत राहा."

तिनं पदरानं डोळे टिपले, आणि खिडकीपासून दारापर्यंत, चांगली पाय आपटत, परत निघाली.