बोंडूचा वास

"जानके, वास येता काय गो?"

दिवेलागणीला बाबा पडवीतून विचारायचे. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "नाय." मग बाबा पाय धुवायला जायचे. घरातलं कुणी मरणार असलं की काजूचा हंगाम नसतानाही आईला पिकल्या बोंडूचा वास येतो, असं आमच्या कट्टा गावात मानत. बाबा गेले त्या संध्याकाळीही ती "नाय"च म्हणाली होती. नंतर विचारणारं कुणी उरलं नाही.

मी फळमाश्यांवर काम करते. माशीच्या मिशांतला वासाचा प्रत्येक तंतू मेंदूत ठरल्या जागीच जाऊन जुळतो; ती जागा जनुक ठरवतं. एका वाणात मी ते जनुक बंद केलंय. साध्या माश्या पिकल्या फळाकडे झेपावतात, माझ्या वाणातल्या त्याच वासापासून पळतात. गणपतीला घरी येताना दोन्ही वाणांच्या नळ्या सोबत आणल्या. मागे प्रयोगशाळेत त्यांना सांभाळणारं कुणी नव्हतं.

त्या दुपारी नळ्या टेबलावर आडव्या होत्या. माझा भाऊ सर्वेश त्यांच्या बुचांसमोर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. विजयदुर्गला मित्राच्या होडीवर निघाला होता. त्याच्या खांद्यावरून मी भिंग धरलं. साध्या माश्या कापसाच्या बुचाला चिकटलेल्या. दुसऱ्या नळीतल्या पार तळाशी, एकमेकींवर चढलेल्या.

घरात फळ नव्हतं. भाद्रपदात बोंडू कुठला?

बुचं खिडकीकडे फिरवली. माश्या पांगल्या. सर्वेशला खिडकीशी खुर्चीत बसवलं, भिंग घेऊन मीही गेले. पुन्हा तेच.

"जाऊ नको," मी म्हटलं.

"मी खंय जावचा ता आता तुझी चिलटां सांगतली?" तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने हसू आवरलं. कुरकुरत मित्राला फोन लावला, येत नाही म्हणाला, आणि गाडी परत मांगरात लावायला बाहेर गेला.

मी श्वास सोडला. खाली पाहिलं.

माश्या कापसावर तशाच होत्या.

खुर्ची रिकामी. तिच्यामागे मी.

दोन्ही वेळा, त्याच्यामागे मीच होते.

आई दारात उभी होती, पदर नाकाला लावून.

"आये," मी विचारलं, "वास येता काय गो?"

तिने पदर खाली घेतला.

"येता," ती म्हणाली. "तू इलंस त्या दिसापासून."